आतोबांची मोजणी

आकाशाला इतक्या निष्ठेने जमिनीसारखं वागवणारा माणूस कावेरीच्या दोन्ही तीरांवर आमच्या आतोबांशिवाय दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पापनाशमच्या तालुका कचेरीत ते सर्वेअर होते. दिवसभर भातखाचरांच्या बांधांवरून साखळी ओढत हिंडायचं, संध्याकाळच्या बसने तंजावरला परतायचं, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घरी काप्पी घ्यायची, आणि मग मोट्टैमाडीवर, म्हणजे गच्चीवर, चढून उरलेली मोजणी सुरू करायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. ही वरची मोजणी ताऱ्यांची. तीही सगळ्या ताऱ्यांची नव्हे, फक्त तरुण ताऱ्यांची, आणि त्यातही आपल्या सूर्याच्या शेजारपाजारच्या. सगळी आकाशगंगा मोजणं एका माणसाचं काम नाही, हे त्यांना सरकारी अनुभवावरून ठाऊक होतं. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की मोठे तारे कोवळ्या वयात निळे तळपतात, फार लवकर संपतात, आणि एकत्र जन्मलेली भावंडं पुष्कळ काळ एकाच दिशेने चालत राहतात. तेव्हापासून आपल्या भागात लेकरं किती आणि कुठे आहेत याचं एक नीट दफ्तर असावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुर्बीण लावून ते प्रत्येक ताऱ्याच्या निळेपणाला दहापैकी गुण देत आणि जाडजूड वहीत नोंदवत. वही मराठीत, पण अक्षर तमिळ. आमच्या घरांतून देवनागरी वाचणारे तेव्हाही थोडेच होते. मृगातले ते झगझगीत निळे तारे वहीत का नाहीत, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, “ते दूर अहेत. तो दुसरा तालुका.”

हद्दीच्या बाबतीत ते असे कडक. गावात घरोघरी नव्या वाहिन्या येऊ लागल्या, तेव्हा शेजारच्या तांदळाच्या व्यापाऱ्याने गच्चीवर भलीमोठी ताटली उभारली आणि दक्षिणेचा वृश्चिक नेमका तिच्यामागे गेला. आतोबा भांडले नाहीत. फील्ड बुक काखेत मारून त्याच्याकडे गेले, आखलेला नकाशा त्याच्यासमोर पसरला आणि विंचवाची नांगी या जागेवरून फार पूर्वीपासून जात आली आहे, तिची वहिवाट अडवता येणार नाही, हे त्याला शांतपणे समजावलं. व्यापाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ताटली सहा फूट सरकली होती. आतोबांच्या मुलीचं नाव अनुराधा. तिला पाहायला पाहुणे आले ते वैशाखात, ऐन उकाड्यात. गच्चीवर वारा आहे म्हणून सगळे वर बसले. जेवणाआधी मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, “अनुराधाचं वय काय झालं?” आतोबांची नजर आग्नेयेला वर येणाऱ्या अनुराधा नक्षत्रावर होती. ते म्हणाले, “एक कोट वर्षं असतील. पोरच अहे अजून.” आत्याने डोळे मिटून घेतले. पण मुलगा हसला, उठून आतोबांच्या शेजारी जाऊन बसला आणि पानं वाढल्याचा निरोप तीनदा येईपर्यंत खाली उतरला नाही. लग्न ठरलं. पोरगी बेंगळुरूला गेली. त्या काळी आमच्या गल्लीतल्या सगळ्याच मुलांची वाट तिकडची किंवा त्याच्याही पलीकडची झाली होती.

अनुराधा गेल्यावर दोनतीन वर्षांनी आतोबा गप्प राहू लागले. मी कुंभकोणमच्या शाळेत शिकवत होते, रविवारी आत्याकडे जायचे. गच्चीवरून उतरताना त्यांचा चेहरा घरात काही अशुभ घडल्यासारखा असे. विचारलं तर सांगत नसत. आत्याला वाटे, लेकीची आठवण येते. मलाही तसंच वाटे.

उलगडा झाला तो नातवाच्या बारशाला निघायच्या दिवशी. आत्या तिची ठेवणीतली गडद निळी रेशमी साडी नेसून बाहेर आली. आतोबा म्हणाले, शुभकार्याला काळं नेसून येऊ नको. आत्या म्हणाली, ही काळी नव्हे, निळी. ते ऐकेनात. मग त्यांनी तिला अंगणातल्या उन्हात उभी केली, पदर हातात धरून निरखला आणि मला बोलावलं. निळीच आहे, मी म्हटलं. पदर त्यांनी हळूच सोडला. गाडीची वेळ झाली होती तरी ते कपाटाकडे गेले, वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पानांमागून पानं लाल शाईने खोडलेली होती. दुर्बिणीतून पाहावं तर त्यांना तारे पिवळे दिसत होते, गुण नवावरून सहावर, सहावरून तिनावर आले होते. कोट कोट वर्षं जगणारी लेकरं चार वर्षांत म्हातारी कशी होतील, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं, आणि सर्वेअर असल्यामुळे जे दिसतं ते लिहिणं भाग होतं. म्हणून एकेक नाव ते खोडत गेले होते, कुणाला न सांगता.

“म्हातारा मी होत होतों,” ते म्हणाले, “आणि लिहीत होतों त्यांच्या नावावर.”

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर काही दिवस संध्याकाळी वर जायची मनाई होती. ती त्यांनी पाळली, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून पाळली. परवानगी मिळाली त्या संध्याकाळी आत्या आणि मी त्यांच्याबरोबर वर गेलो. राजवाड्याच्या मनोऱ्यामागे उजेड विरत होता. एक तारा लागला, मग दुसरा. आतोबांनी दुर्बीण उचललीच नाही. नुसतेच मान वर करून उभे राहिले, कितीतरी वेळ. मी जवळ गेले तेव्हा गाल ओले होते. डोळ्यात घातलेलं औषध उतरतंय, असं त्यांनी सांगितलं. औषध उजव्या डोळ्याचं होतं, उतरत मात्र दोन्ही डोळ्यांतून होतं. इतकं निळं त्यांनी पूर्वीही कधी पाहिलं नव्हतं म्हणे. पुढचा महिनाभर ते वहीतल्या एकेका खोडलेल्या नावापुढे ‘रद्द नोंद पुन्हा कायम’ असं लिहून खाली सही करत होते.

डाव्या डोळ्याची तारीख मात्र ते पुढे ढकलत राहिले. आधी म्हणाले, दोन डोळ्यांतला फरक नोंदवायचा आहे. मग म्हणाले, पाऊस संपू दे. आत्या कातावली आणि तिने मला विचारायला पाठवलं. दुपारची वेळ होती. आत्या पुढच्या ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या ओवत बसली होती. आतोबांनी हाताने डावा डोळा झाकला आणि तिच्याकडे पाहिलं. मग उजवा झाकला आणि पुन्हा पाहिलं.

“उजवा सरकारी,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “अहे तेवढं दाखवतो. सुरकुत्या, पांढरे केस, सगळं. ह्या डाव्यात सगळं सोनसळी अहे. लग्नात समईच्या उजेडात बैसली होती, तशी दिसते. राहूं दे एक.”

मी आत्याला सांगितलं, ते घाबरतात. ती म्हणाली, मज वाटलंच.

तो डोळा तसाच राहिला. काही वर्षांनी आतोबा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघीच घरात उरलो, तेव्हा ती दुपार मी आत्याला खरी काय ती सांगितली. तिने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “कोणता डोळा राहिला होता? डावा?”

मी हो म्हटलं.

“म्हणून,” आत्या म्हणाली. “जेवताना, देवळात, बसमध्ये, कुठेंही गेलों तरी मज उठवून आपल्या डावीकडे बैसवत. मज वाटे, उजव्या कानाने ऐकूं येत नाही. तीन वर्षं मी मोठ्याने बोलत होतें.”