अडवायला रस्ता नसलेली वस्ती

भोरच्या कोर्टात वकिली केली की फायली निकाली निघतात, किस्से मात्र उरतात. पाली गावाच्या वर डोंगरात धनगरांची एक वस्ती आहे, तिचे एकटीचेच माझ्याकडे ढीगभर आहेत. तिथून आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. रस्ता मागितला, तर एका ऑफिसचं उत्तर आलं: रस्ता झालेला आहे! कागदावर खरंच झाला होता.

*

वस्तीनं रास्ता रोको ठरवला. पोलिसांना अर्ज द्यायचा म्हणून मी विचारलं, कोणता रस्ता अडवणार? वस्तीत सगळ्यांत वडीलधाऱ्या सोनाबाई. त्या म्हणाल्या, "पालीचा. आमच्याकडं अडवायला रस्ताच न्हाई."

*

वाहतूक अडवाल तर कारवाई होईल, अशी पोलिसांची नोटीस आली. मग हवालदारांचा मला फोन. बसायचं तर रविवार सोडून बसा म्हणाले, गडावर जाणारे ट्रेकर लई असत्यात. वस्तीनं लगेच रविवार पक्का केला!

*

रविवारी एका ट्रेकरनं गाडीतून उतरून मला कायदा शिकवला. देशात कुठंही फिरायचा त्याला हक्क आहे म्हणे. मी म्हटलं, आहे, आणि यांनाही शांतपणे जमायचा आहे. भांडण आहे ते किती वेळ अडवायचं याचं. सोनाबाई ऐकत होत्या.

"फिरायचा हक्क मला बी हाय का?"

आहे म्हटल्यावर त्यांनी ट्रेकरला सांगितलं, मग मला गाडीनं वस्तीवर सोड. गाडी जाईल तिथवर सोडतो, तो म्हणाला.

"म्हंजी हितंच की."

*

मध्येच अँब्युलन्स आली. कुणी न सांगता सगळे उठले, शेळ्यासुद्धा बाजूला घेतल्या. ती गेल्यावर सोनाबाई बराच वेळ उभ्याच राहिल्या. त्यांचा थोरला मुलगा झोळीतच गेला होता. या केसमध्ये मला पहिल्यांदा राग आला तो तेव्हा.

*

गुन्हा दाखल झालाच. आरोपी नंबर एक, सोनाबाई. तारखेला वस्तीतलं कुणीच आलं नाही, कारण समन्स पोचलंच नव्हतं. न्यायाधीशसाहेबांनी हवालदारांचा रिपोर्ट वाचून दाखवला: "आरोपींच्या वस्तीस जाण्यास रस्ता नसल्याने समन्स बजावता आले नाही." खाली सही, शेजारी ठाण्याचा शिक्का.

मी उठून त्या रिपोर्टच्या दहा सर्टिफाइड नकलांसाठी अर्ज दिला.

"दहा कशाला, वकीलसाहेब?"

"ऑफिसं बरीच आहेत, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, अर्जावर "मंजूर" लिहिलं आणि पुढची केस पुकारायला सांगितली.