दुसऱ्यांदा जाणाऱ्या काकू

"छान आहे. आता उद्या परत येऊ."

दुकान साडीचं असो, फर्निचरचं असो की भाजीचा ठेला, काकू सगळं हाताळून बघायच्या, चष्मा काढून डबीत ठेवायच्या आणि एवढंच म्हणून चालू लागायच्या. दुकानदार मागून ओरडायचा, "माताजी, कल ये रेट नहीं मिलेगा!" काकू वळूनही बघत नसत. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला पुन्हा हजर. जिच्याबरोबर खरेदीला जायचं म्हटलं की घरातल्या सगळ्यांना अचानक कामं आठवतात, अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारमध्ये त्या काकू होत्या.

माझ्या घरीही त्यांनी हेच केलं. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि मी त्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, नवे पडदे, सगळा थाट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बेल वाजली. मी गाऊनमध्ये, केसांना तेल, गॅसवर कालचीच आमटी. काकूंनी घरभर नजर फिरवली आणि प्रसन्न हसल्या. "आता खरी ओळख झाली बघ." मी आठवडाभर धुसफुसत होते. पुढे मात्र त्यांच्याशिवाय मला करमेना.

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. कर्जासाठी तारण ठेवलेला माल गोदामात जाऊन तपासायचा, हे त्यांचं काम. नोकरीच्या सुरुवातीला एका गोदामात त्या एकदाच गेल्या आणि सही करून आल्या. साखरेची पोती होती, पण फक्त वरच्या दोन थरांत. खाली सगळा भुसा. ते बाहेर आलं तेव्हा मालक सुटला आणि आळ चौकीदारावर आला. त्याने विहिरीत जीव दिला. "पहिल्यांदा सगळेच आवरून बसलेले असतात गं," काकू म्हणायच्या. "मला ते तेव्हा कळायला हवं होतं."

नव्वदीनंतरचे ते दिवस आठवतात ना? यमुनेच्या आमच्या बाजूला बघावं तेव्हा एक नवा सेक्टर उभा राहत होता आणि सकाळच्या वर्तमानपत्रातून रोज एक नवं पत्रक खाली पडायचं. सागवानात पैसे गुंतवा, तीन वर्षांत दुप्पट घ्या. काकूंनी मनावर घेतलं की शाळेतल्या मुलींना पैशाचे व्यवहार शिकवायचे. मी गणित शिकवत होते त्या मुलींच्या शाळेत येऊन त्यांनी मुख्याध्यापिकेकडून शनिवारचे दोन तास मिळवले. पासबुक, चेक, व्याज हे सगळं महिनाभरात उरकलं. मग म्हणाल्या, "फसवणूक काही फळ्यावर शिकवता येत नाही. जाऊन बघायला हवी."

नेमकी तेव्हाच आमच्या घरात मोठी रक्कम आली होती. ह्यांच्या फरीदाबादच्या कारखान्याने व्ही.आर.एस., म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, आणली आणि वीस वर्षांच्या नोकरीचे पैसे एकदम हाती ठेवले. दुसरी मिळकत म्हणजे माझा पगार, आणि दोन मुलं शिकणारी. हे दिवसभर घरात बसून ती पत्रकं वाचायचे. त्यातली एक सागवान कंपनी ह्यांच्या फार मनात भरली होती. मी काकूंना म्हटलं, "मुलींना हीच दाखवा ना." आयतं आपलंही काम होईल, असा माझा हिशेब.

एप्रिलमधल्या शनिवारी नववीच्या अकरा मुलींना घेऊन आम्ही निघालो. बसमधून उतरून उन्हातून बरंच चालावं लागलं. रस्ते आखलेले, दिव्यांचे खांब उभे केलेले, पण माणूस म्हणून दिसेना. एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं आणि ते उघडताच आत थंडगार हवा आणि गजबज. काकूंनी प्रत्येक मुलीला एकेक माणूस वाटून दिला. "सिर्फ उसी को देखना है. कब क्या करता है, क्या बोलता है, कॉपी में लिखो."

मॅनेजरने हसून स्वागत केलं, सरबत दिलं. सोफ्यावर पाच गिऱ्हाइकं बसली होती. त्यातले एक काठीवाले आजोबा माझ्याकडे झुकून म्हणाले, "मेरा तो दुगना हो गया, बहनजी. बिटिया की शादी इसी से की." पिवळ्या साडीतली एक बाई उठली, काउंटरवरून पाकीट घेतलं आणि कपाळाला लावलं. क्लार्कच्या हातून चहा सांडला आणि सगळे मोकळेपणी हसले. मला फार बरं वाटलं. खाली उतरल्यावर काकूंनी चष्मा डबीत ठेवला. "छान आहे. सोमवारी परत येऊ."

मला हसू आलं. घरी जाऊन मी ह्यांना सांगून टाकलं, "चांगली माणसं आहेत. टाका पैसे."

सोमवारी त्याच वेळेला आम्ही पुन्हा ते काचेचं दार ढकललं. सोफ्यावर तेच पाच जण, त्याच क्रमाने. असतील, कामं अडली असतील, असं मी मनाशी म्हटलं. काउंटरपाशी आमच्याकडे पाठ करून कुणीतरी उभं होतं. आजोबा त्या माणसाकडे झुकले. माझ्या शेजारी दोन वेण्यांच्या सरोजने वही उघडली आणि हळूच वाचलं, "मेरा तो दुगना हो गया." मग आजोबा ते म्हणाले. सरोजने पुढची ओळ वाचली. आजोबांनी मुलीच्या लग्नाचं सांगितलं.

पिवळी साडी उठली. पाकीट कपाळाला लागलं. दुसरी एक मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कुजबुजली, "अब चाय गिरेगी." चहा सांडला. सगळे हसले. शनिवारचंच हसू, तेवढंच लांब, आणि एकदमच थांबलं.

सरोज वर्गात उत्तर द्यावं तशा स्पष्ट आवाजात म्हणाली, "मैडम, बस ये अंकल परसों नहीं थे."

काउंटरपाशी उभा असलेला माणूस वळला. ते आमचे हे होते. हातात चेक.

काकू शांतपणे पुढे गेल्या, ह्यांच्या बोटांतून चेक काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. "अहो, घरी चला." मॅनेजर अजून हसतच होता. "तू ह्यांना आणि मुलींना घेऊन जा," काकू मला म्हणाल्या. "मी थांबते जरा."

पुढच्या शनिवारी त्या घरी आल्या तेव्हा कळलं. आम्ही गेल्यावर कितीतरी वेळ तिथे कुणी हललंच नाही. मग मॅनेजर जेवायला उठला आणि आजोबांनी काकूंना हळूच विचारलं, "आपका कितना फँसा है?" सोफ्यावरच्या पाचही जणांचे पैसे बुडाले होते. मॅनेजरने त्यांना सांगून ठेवलं होतं, रोज येऊन बसा, हे हे बोला, तुमचे थोडे थोडे परत देईन. तक्रार केलीत तर सगळेच गेले.

"आणि तो चहा सांडणारा?" ह्यांनी विचारलं.

"तोही त्यांच्यातलाच." ह्यांचं ताट त्या दिवशी तसंच राहिलं.

त्यानंतर शाळेचे तास मीच घेऊ लागले आणि काकू रोज तिकडे. "मुली एका सकाळीत शिकल्या गं. त्या लोकांना उठवणं अवघड आहे." तक्रारीचा अर्ज लिहून त्या पाचांच्या शेजारी बसायच्या. मॅनेजरला त्यांची अडचण नव्हती, सोफा भरलेला दिसत होता. सही कुणी करत नव्हतं.

एकदा माझ्याकडे गप्पा मारता मारता काकू टेबलावरच्या चहाच्या कपाकडे बघून एकाएकी हसल्या. ते त्यांचं हसू नव्हतं. तिथलं होतं, तेवढंच लांब, तसंच एकदम थांबलेलं. त्या स्वतःच दचकल्या. "बाई गं," म्हणाल्या आणि चहा न घेताच उठल्या. मी त्यांना "आता पुरे, जाऊ नका तिकडे" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही.

त्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. पुण्याहून भाचा आला, सगळं उरकून परत गेला. तेराव्या दिवशी माझ्या मनात आलं, त्या लोकांना कुणी कळवलं असेल? मी आणि हे स्कूटरवरून गेलो.

काचेच्या दाराला साखळी होती, पाटी काढून नेलेली. खालचा चौकीदार म्हणाला की कंपनी दोन महिन्यांपूर्वीच रातोरात गेली. मग त्याने मागच्या बाजूला बोट दाखवलं. "वो लोग आते हैं रोज़. मना करो तो भी."

मागच्या पायरीवर ते पाच जण बसले होते, त्याच क्रमाने. आजोबा आणि पिवळ्या साडीच्या मध्ये एक जागा सोडलेली होती आणि ती धरून ठेवायला पांढरा रुमाल अंथरला होता.

"मैडम को आज देर हो गई," आजोबा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग आजोबांनी रुमाल उचलला, धूळ झटकली आणि ह्यांच्याकडे ओळखीच्या नजरेने बघितलं.

"आइए, बैठिए. जगह है."

हे बसले. त्या पाचांसारखेच समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघू लागले. मी ह्यांच्या दंडाला धरलं. "अहो, उठा."

ते उठले, पण लगेच नाही.