सुनेच्या हातचा मऊ भात

आमच्या पै-पाहुण्यांत अजूनही बोललं जातं की माझी बायको सुनेच्या हातचं खाऊन गेली. ते खोटं आहे. खोटं आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो.

बायकोची किडनी आधीच अधू होती. त्यात लघवीचा संसर्ग रक्तात उतरला आणि तिला कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ठेवावं लागलं. इंजेक्शनांनी ताप उतरला, पण बाईच बदलली. हाताला झटके येत, माणसं ओळखेना, चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झाडत बसे. सून कसबा बावड्याहून रोज मऊ भाताचा डबा आणायची. एका दुपारी ती भरवत असताना बायको ओरडली, "ह्यात इख घातलंय हिनं! मारायला बसलीया मला!"

माझी थोरली बहीण शेजारीच होती. "मरायला टेकलेलं माणूस कशाला खोटं बोलंल?" ती म्हणाली. मी सुनेच्या हातातला डबा घेतला आणि अख्ख्या वॉर्डादेखत कचऱ्याच्या बादलीत उपडा केला. "उद्यापासनं येऊ नकोस."

संध्याकाळी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "आजोबा, हा अँटिबायोटिकचा परिणाम आहे. किडनी ते बाहेर टाकत नाही, मग ते अंगात साठतं आणि मेंदूला बाधतं. औषध बदललंय. त्यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका."

बाहेर बहीण बाकावर बसली होती. "काय म्हणला डॉक्टर?"

"काही नाही. औषध बदललंय."

खरं सांगितलं असतं तर डबा ओतणारा मीच मूर्ख ठरलो असतो.

दोन-तीन दिवसांत बायको भानावर आली. तिला काहीच आठवत नव्हतं. "सून कुठं हाय? तिच्या हातचा भात पायजे मला."

"येईल की," मी म्हणालो. बोलावलं मात्र नाही. पुढे संसर्ग पुन्हा उलटला आणि ती गेली.

रक्षाविसर्जनाला आमच्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं रक्षेपुढं ठेवतात. सुनेनं मऊ भात आणला होता. बहिणीनं तो डबा बाजूला सारला. "हिच्या हातचं? अजून पोट भरलं न्हाय व्हय हिचं?" सून माझ्याकडं बघत राहिली. मी रक्षेकडं बघत होतो.

मुलगा तिला घेऊन हातकणंगल्याला राहायला गेला. इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी तिथं जाऊन तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मामा, मी इख घातलं न्हाय हे मला म्हाईत हाय की. मला काय सांगताय? रक्षेला जी माणसं हुती, त्यांस्नी सांगा."

त्यातली बरीच आता नाहीत. बहीणही गेली, शेवटपर्यंत तिनं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. उरलेल्यांना बायकोच्या येत्या श्राद्धाला हे लिहिलेलं वाचून दाखवणार आहे. त्या दिवशी भात तू करशील का, एवढं सुनेला विचारायला मात्र मला तोंड राहिलेलं नाही.