नवसूनं निवडलेली साळिंदरं

मेंढरू पारखावं ते नवसूनंच, असं शिनोलीपासून घोडेगावच्या बाजारापर्यंत कोणीही सांगेल. कळपावरून एकदा नजर फिरवली की उद्या कोणतं मेंढरू चारा सोडणार, हे त्याला आज कळतं. आजारी जनावर त्यानं कधी कोणाच्या हाती दिलं नाही. आपल्या माणसाच्या तर नाहीच. याचा त्याला अभिमान होता, आणि तो शोभत होता.

दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन माळशेज घाटानं कोकणात उतरतो. भाताच्या मोकळ्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवतो. मागच्या खेपेला त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, एका खाडीच्या तोंडाशी पडला होता. तिथं कातळावर एक मुलगी पाय धरून बसलेली दिसली. बोलण्यावरून ओळख पटली. आपल्याकडच्याच कळंबची प्राची, समुद्रावर अभ्यास करत होती.

"मामा, पाय मुरगळलाय. ओहोटीला खडकावर उतराल का?"

"काय धरायचंय? मासं?"

तिनं बादलीतला काळा काटेरी गोळा दाखवला, लिंबापेक्षा थोडा मोठा. सी-अर्चिन. तारामाशाच्या भावकीतला. तो लांब फिरत नाही, खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. पाण्यात शिसं, कॅडमियम उतरलं की त्याच्या अंगात साठत जातं. म्हणून जिथला गोळा, तिथल्या पाण्याची खबर. तिला तीन जागांची दहा-दहा हवी होती: मोकळ्या समुद्राची, बंदराची आणि कारखान्यांचं पाणी घेऊन येणाऱ्या नाल्याच्या तोंडाची.

"हे तर पाण्यातलं साळिंदर," नवसू म्हणाला.

"जन्मभर मेंढरं वळली," त्याची बायको भिमाबाई हसली, "आता साळिंदरं वळा!"

दोन ओहोट्यांत त्यानं तीस आणून दिली. धुतलेली, मोजलेली, तीन पिशव्यांत.

यंदा भादव्यात प्राची पेढे घेऊन शिनोलीला आली. ओटीवर टेकत म्हणाली, "मामा, तपासणी झाली. नाल्याच्या तोंडाशीसुद्धा धातू मोकळ्या समुद्राइतकेच निघाले. मी तिथल्या बायकांना सांगूनही टाकलं, खुशाल खडकावरची कालवं काढून खा."

नवसूचा हात पेढ्यावरच थांबला.

नाल्याचं तोंड त्याला जसंच्या तसं दिसलं. तिथल्या साळिंदरांचे काटे झडले होते. बोट लागलं की खडकावरून सुटून पडत होती. तो चांगलं शोधत राहिला. एकही मिळालं नाही. मग साठ-सत्तर पावलं बाहेर, लाटांच्या खडकावर जाऊन त्यानं दहा खणखणीत निवडली. आपल्याकडची पोर, तिला रोगट जनावर कसं द्यायचं?

आणि त्याच तोंडाशी खाडीकाठची पुष्पा रोज कालवं काढते. गेल्या साली पानात बांधून तिनं भिमाबाईलाही दिली होती. तिला दोन लहान मुली आहेत.

खडकावर त्याला कोणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. उलट बोललं, तर नवसूची पारख हा बाजारातला विनोद होणार.

"खा की," भिमाबाई म्हणाली. "पेढ्यात बी खोट काढता का?"

त्यानं पेढा खाली ठेवला. "पोरी, ती धा नाल्यातली नव्हती."

"म्हणजे?"

"नाल्यातली रोगट व्हती. काटं गळालेली. म्हनून बाहेरची दिली."

प्राचीनं पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "मामा, मला तीच हवी होती. निवडायचं नाही, हे सांगायला मीच विसरले."

तिनं पुष्पाला फोन लावला, पण बोलला नवसू. "पुष्पाबाई, नाल्यापाशी कालवं नका काढू."

"अहो, बाईंनीच तर चांगली म्हणून सांगितलं. तुम्ही काय डोंगरावरून दर्या बघता?"

"माजी चूक झाली. ती साळिंदरं मी बदलली व्हती."

"पोरींनी कालच खाल्ली," ती म्हणाली.

दिवाळीनंतर वाडा टाकायच्या आधीच नवसू नाल्याच्या तोंडाशी उतरला. आता चांगलं-वाईट बघायचं नव्हतं. हाताला येईल ते घ्यायचं होतं. भरतीचं पाणी मांड्यांपर्यंत चढलं तरी तो कपारी चाचपत राहिला.

काठावर प्राचीनं पिशवी उघडली. "चारच?"

"तेवढीच हायेत."

"दहा भरली असती तर..."

"न्हाई. आता बाहेरचं एकबी घालायचं न्हाई. चार लिही."

तिनं चार लिहिलं.

बांधावर पुष्पा रिकामी टोपली घेऊन उभी होती. "काय निघालं?" तिनं लांबूनच विचारलं.

ती चार साळिंदरं तिला दाखवायला नवसूनं पिशवी उचलली आणि तिच्याकडं चालू लागला.