छातीवरचा पट्टा

विनायक गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मीराने, चंदीगडजवळच्या खरडहून केला. “काका, बाबा झोपेतच गेले.” माझा साडू तो, आणि मित्रही. साडूशी मैत्री होणं दुर्मीळच, म्हणून जरा जास्तच चुटपुट लागली...

विनायक अणुकेंद्रात होता. कामगारांच्या अंगावर न्यूट्रॉनचा किती मारा झाला, ते मोजायचं त्याचं काम. शरीरात शिरलेले काही न्यूट्रॉन उलटून बाहेर येतात, आणि कामगाराचा बॅज मुख्यतः तेच टिपतो. म्हणून तो छातीला टेकलेला हवा, लोंबता राहिला की आकडा कमी येतो. एवढी साधी गोष्ट. पण त्याच्या साहेबांना बॅज ओळखपत्राशेजारी गळ्यात झुललेला आवडे. पाहुण्यांसोबत फोटो झकास यायचे ना! कंत्राटी कामगारही तसेच घालू लागले, आकडे खाली राहिले आणि साहेबांची छाती फुगली.

विनायकने घरी बायकोकडून रुंद इलॅस्टिकचे पट्टे शिवून घेतले, त्यांवर बॅजपुरता खिसा, आणि कामगारांना वाटले. आकडे चढले. साहेबांनी त्याला बोलावलं. “विनायकजी, ये पट्टे-वट्टे हटवाइए. विज़िट में भद्दा लगता है.” पट्टे गेले, विनायकची बदली प्रशिक्षण विभागात झाली, आणि आकडे पुन्हा शहाण्या मुलांसारखे खाली बसले. मी चिडून विचारलं, “भांडला का नाहीस?” तो म्हणाला, “आकड्याचं ऐकलं नाही त्यांनी, माझं काय ऐकणार?” त्या बॅजमागे माणसं होती, त्यांच्या अंगात काय शिरलं हे आता कुणालाच कळणार नाही. त्याला शेवटपर्यंत तेच छळत होतं.

तेराव्याला साहेब पंचकुल्याहून आले. निवृत्तीनंतर त्यांचं तिकडे भलंमोठं घर आहे, म्हणे. हार घालून, घसा खाकरून म्हणाले, “इनके ज़माने में किसी का डोज़ ज़्यादा नहीं निकला. पक्का रिकॉर्ड.” मीराने माझा हात दाबला, नाहीतर मी तेराव्याचं निमित्त विसरलो असतो. अशा माणसाला शिवी देणंही शिवीचा अपमानच.

निघताना साहेबांना दाराजवळच्या खुंटीवर उरलेला एक पट्टा दिसला, तो त्यांनी काढून हातात घेतला. विनायक तो रोज सकाळी फिरायला जाताना बांधायचा, खिशात घराची किल्ली ठेवून.

“बेटा, कमरदर्द का है?” साहेबांनी विचारलं.

“नहीं जी,” मीरा म्हणाली. “छाती का है.”

त्यांना काही आठवलं नाही. मान हलवून त्यांनी पट्टा पुन्हा खुंटीवर लोंबता अडकवला आणि बूट घालायला वाकले.