दुसऱ्याच्या घरचं नाव

माझ्या लेकीचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहायला तोंड राहिलं नाही मला. एवढंच सांगते की ते नाव आमच्यातलं नव्हतं, मुसलमानाच्या घरचं होतं, आणि ते मी स्वतः पदर पसरून मागून घेतलं होतं.

चिखलीजवळच्या उंद्रीत आमच्या घराला लागूनच भाभीचं घर. भाभी म्हणजे गावात बांगड्या भरणारी. सगळं गाव तिला भाभीच म्हणायचं, माझी सासूसुद्धा. माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली, तिचं बारसंही झालं नव्हतं. दुसरीचं बारसं झालं, ती दीड महिन्यात गेली. डॉक्टर काहीबाही समजावून सांगायचे, माझ्या डोक्यात त्यातलं काही शिरायचं नाही. छाती दुधानं भरून यायची आणि प्यायला कोणी नसायचं.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूनं जाहीर करून टाकलं, या खेपेला दगडाधोंड्याचं नाहीतर केरकचऱ्याचं नाव ठेवायचं. लेकरं वाचत नसली की आमच्याकडं ही रीत. यमाला वाटलं पाहिजे, हे काही नेण्याजोगं नाही. मी भडकले. म्हटलं, "नऊ महिने पोटात वागवू मी, आन् नाव उकिरड्याचं? काऊन?"

सासू म्हणे, "तुले लेकरू पाह्यजे का नाव पाह्यजे, ते सांग."

मी घागर उचलून पाण्याला गेले.

भाभी तिच्या ओट्यावर बांगड्या निवडत होती, तिनं सगळं ऐकलं. दुपारी आली आणि म्हणाली, "बाई, दुसऱ्याच्या घरचं लेकरू म्हणून वाढव. मले दे, माझ्या घरचं नाव लाव, मंग ने परत." तिची नानी म्हणे शंभरीला टेकून गेली, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची. मी पदर पसरला. म्हटलं, "भाभी, तुह्या नानीचंच नाव दे."

बाराव्या दिवशी मुलगी सुपात घालून भाभीच्या दारात नेली. भाभीनं उचलून घेतली, पायलीभर ज्वारी घेतली आणि मुलगी मला परत दिली. म्हणजे लेकरू तिच्या घरचं, मी ज्वारी देऊन नुसतं वाढवायला आणलेलं. नाव आत्यानं कानात सांगायचं असतं, पण माझी नणंद रुसून चुलीपाशी जाऊन बसली. म्हणे, माझ्या तोंडून ते नाव निघणार नाही. मग भाभीच पाळण्यावर वाकली. आमचे हे म्हणाले, "जगू द्या हो, मंग काय म्हनाचं ते म्हना."

आणि जगली की! गोवर आला, कावीळ झाली, एकदा गच्चीवरून पडली, तरी जगली. तुम्ही हसा, मला शिकलेली अडाणी म्हणा. मी अंगणवाडीत बाया-माणसांना लसीचं महत्त्व सांगत फिरते आणि घरी मात्र माझा भरवसा त्या नावावर होता. तिला ताप आला की मी उशाशी बसून तेच नाव घेत राहायची.

पोरगी भाभीला बडी अम्मी म्हणायची. अर्धा दिवस तिकडंच. ईदेला शिरखुर्मा ओरपून यायची आणि मग माझा वरण-भात तिला गोड लागायचा नाही. शाळेत कोणी नावावरून विचारलं की ऐटीत सांगायची, "मले माह्या अम्मीनं ज्वारीत विकलं." तेव्हा लोक हसायचे. गावात त्या नावाचं कोणाला काही वाटत नव्हतं.

मग कधी वाटायला लागलं, मला नेमकं सांगता येणार नाही. मोबाईल आले, त्यावर नाही नाही ते यायला लागलं. बसस्टँडवर ओळखीची माणसं तिचं नाव घ्यायच्या आधी इकडंतिकडं पाहायला लागली. ती नर्सिंग शिकायला बुलढाण्याला गेली तेव्हा एका घरमालकिणीनं फोनवर नाव ऐकून खोली गेली म्हणून सांगितलं. मागून आडनाव कळल्यावर त्याच बाईचा फोन, "अगं, मंग आधी सांगायचं ना!" पोरीनं ती खोली घेतली नाही. लांब, पत्र्याच्या खोलीत राहिली वर्षभर. मी म्हटलं, बाई गं, वापरायला दुसरं एखादं नाव ठेव. तर म्हणे, "आई, याच नावावर वाचली ना मी? मंग आता त्याले घाबरून राह्यली काय?"

घाबरले होते. खरं सांगते, फार घाबरले होते.

स्थळ आलं देऊळगाव राजाकडचं. मुलगा निर्व्यसनी, खतं-औषधांचं स्वतःचं दुकान, माणसं बोलायला मऊ. मुलाच्या वडिलांनी बायोडाटा हातात घेतला आणि वरच्या ओळीवरच थांबले. चहा निवला तरी थांबलेलेच. मग म्हणाले, "मुलगी पसंत आहे. नाव तेवढं लग्नात बदलून घेऊ. आपल्यात बदलतातच. पत्रिकेवर नवंच छापा म्हणजे झालं." आणि मग सहज विचारावं तसं, "पण हे असं नाव ठेवलं कसं हो तुम्ही?"

पोरगी माझ्याकडं पाहत होती. तिची मान अशी ताठ, तिला वाटलं आई आता सगळं सांगणार. भाभीचं घर पलीकडच्या भिंतीला होतं, बांगड्यांचा आवाज येत होता.

मी म्हणाले, "आमच्या ह्यांनी कुठंतरी पुस्तकात वाचलं होतं. आम्हाले काय माहीत कोणाचं हाय ते."

हे खाली मान घालून बसले. पोरगी उठून आत गेली. पाहुण्यांना वाटलं, लाजली.

पाहुणे गेल्यावरही ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बडी अम्मीले तरी कोणाचं मन मोडता आलं नसतं असं." मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, स्थळ हातचं घालवू काय तुह्या नावापायी? जन्मभर घरात बसवू? तिला मुलगा आवडला होता, मला ते ठाऊक होतं, आणि तेच मी वापरलं.

गावातल्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा भाभीनं भरलेला. माझ्या लेकीचा चुडा भरायला मी चिखलीहून दुसरी बाई बोलावली. भाभीला सांगितलं, पाहुण्यांकडची पद्धत आहे. ती हो म्हणाली. "हाव बाई, ज्याची त्याची पद्धत." लग्नाच्या दिवशी तिच्या दाराला कडी होती. कुठं गेली मी विचारलं नाही.

लक्ष्मीपूजन मांडवातच उरकलं. ताटात तांदूळ पसरले, जावयानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव छान होतं. देवीचं होतं. मी मात्र पदर डोळ्यांना लावला. बावीस वर्षं जे घेऊन मी तिच्या उशाशी बसले ते उतरलं, आता हिला राखणार कोण, हेच डोक्यात. शेजारची म्हणाली, "रडू नका, पोरगी चांगल्या घरी पडली." मी तिला हो म्हटलं.

महिन्याभरात विहीणबाईंचा फोन. सून गुणाची आहे, पण हाक मारली तर ओ देत नाही. तीन तीनदा मारावी लागते. मुद्दाम करते की काय? मी पोरीला दटावलं. म्हणाली, "मुद्दाम नाही गं आई. मले वाटते दुसऱ्या कोणाले बोलवून राह्यले."

अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, पोरगी माहेरी आली. संगं जावई, विहीणबाई. ओसरीवर बसले होते, पोरगी आत पुरणाच्या पोळ्या करत होती. भाभीला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलंच. म्हातारी झालेली, गुडघे धरत धरत आली आणि जुन्या सवयीनं दारातूनच मोठ्यानं हाक मारली. त्याच नावानं.

आतून लगेच आवाज आला, "ओ अम्मी!" हातातलं लाटणं पडल्याचा आवाज, मग पळत आल्याचा. इतके महिने तीन हाका मारल्याशिवाय ओ न देणारी माझी लेक एका हाकेला पीठभरल्या हातानं ओसरीपर्यंत आली.

विहीणबाई माझ्या तोंडाकडं पाहत होत्या.

मी दारात उभी राहिले, दोघींच्या मधे. म्हणाले, "भाभी, त्या नावाची आमच्या घरी आता कोणी नाही."

भाभीनं माझ्या खांद्यावरून पोरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "बराबर हाय बाई. माझी चूक झाली." आणि गेली. मागं वळून पाहायची हिंमत मला झाली नाही. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा आत गेले. पोरगी चुलीपुढं बसली होती, पोळी तव्यावर तशीच.

आता ती सासरी पहिल्या हाकेला ओ देते. विहीणबाई खूश आहेत, फोन करून सांगतात. मागच्या आठवड्यात ती दोन दिवस आली होती. दुपारी घरात आम्ही दोघीच. ती मागच्या दारी भांडी घासत होती. मला राहवलं नाही, मी आतून हाक मारली, जुन्या नावानं. तिनं वर पाहिलं नाही. मी जवळ जाऊन, तिच्या कानापाशी वाकून, परत हाक मारली. ती पातेलं घासत राहिली. मग ते धुतलं, पालथं घातलं, आणि दुसरं घेतलं.