मध्यमेंदूभोवतीची काळी रेघ

तपासणी विभागात सगळे त्यांना 'भिंतराव' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. सव्वीस वर्षं सीटी स्कॅनच्या यंत्रापाशी काढलेला हा तंत्रज्ञ कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा, आणि काही झालं तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

यात दोष एकट्या त्यांचा नव्हता. नियमच तसा होता: काय ते डॉक्टर सांगणार, तंत्रज्ञाने ब्र काढायचा नाही. पण नातेवाईक वस्ताद. ते काचेपलीकडून तोंड वाचायचे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी भिंतरावांच्या भुवया जराशा आक्रसल्या, तर बाहेर एक म्हातारी मटकन खालीच बसली. तेव्हापासून त्यांनी चेहऱ्याला कुलूप घातलं. घरी आल्यावर ते काढायचं मात्र राहूनच जायचं.

चित्र उमटलं की ते आधी एकच जागा बघत. मेंदूच्या तळाशी, मधोमध, अंगठ्याएवढा जाड देठ असतो. तो मध्यमेंदू. त्याच्या दोन्ही कडांनी आणि पाठीमागून पाण्याची एक अरुंद जागा वळसा घालते. त्या पाण्यातून रक्तवाहिन्या जातात, डोळा वळवणारी एक बारीक नस जाते. चित्रात पाणी काळं दिसतं. मेंदू फार सुजला की हे पाणी पिळून निघतं आणि काळी रेघ पुसली जाते. रेघ असली तर अजून जागा आहे. नसली, तर डॉक्टर धावत यायचे.

हे त्यांनी एकदा जेवताना बायकोला समजावलं होतं. तिच्या वडिलांची रेघ पुसलेली त्यांनीच पाहिली होती, त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. तिचा घास हातातच राहिला. यांनी मीठ मागितलं.

एका सकाळी पडदे लावताना बायको स्टुलावरून पडली. डोकं आपटलं, दोनदा उलटी झाली. शेजारणीने तिला दवाखान्यात आणलं. भिंतरावांनी तिचं डोकं पट्ट्याने बांधलं, कानातले काढून घेतले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "हलायचं नाही."

चित्र आलं. रेघ होती. काळीभोर, दोन्ही बाजूंनी, सलग. रक्ताचा कुठे डाग नव्हता. कवटीबाहेर एक टेंगूळ तेवढं आलं होतं.

ते आत जाऊन पट्टा सोडू लागले. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "कपाटाची किल्ली साखरेच्या डब्यामागे आहे. मुलीला लगेच बोलावू नका, तिची परीक्षा आहे."

"अगं, काय बोलतेस?"

"बाबांच्या वेळी हेच तोंड होतं तुमचं."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला. गालांना काय करायचं असतं ते आठवेना. मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला. तिला दंडाला धरून पलीकडच्या खोलीत नेलं, पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघ. आहे."

तिने ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग तिथेच खुर्चीत बसून रडली, चांगली पोटभर. भिंतराव शेजारी उभे होते. आता आपल्यालाही काहीतरी होईल, म्हणून ते वाट बघत होते.

"मी वाचले," ती नाक पुसत म्हणाली. "तुम्हाला काही वाटलं का हो?"

दुसऱ्या कुणी थाप मारून वेळ निभावली असती. हा गृहस्थ त्यातही कच्चा.

"अजून नाही," ते म्हणाले.

ती खुर्चीतून उठली. मग तिने हात पुढे केला. "कानातले द्या."

त्यांनी डावी मूठ उघडली. कानातल्यांच्या दांड्या तळव्यात रुतल्या होत्या आणि मनगटापर्यंत रक्ताचा ओघळ आला होता.

तिने त्या हळूच उपसून काढल्या. "दुखतंय का?"

त्यांना जरा विचार करावा लागला.

"हो," ते म्हणाले.